राघूंच्या घरातलं सारवण

मेडशीत कुणाकडे लग्न निघालं की मांडवाच्या डहाळ्या दारात पडायच्या आधी गोजराबाईला बोलावणं जायचं. अंगण सारवायला. शेणातली काडी न् काडी ती वेचून काढी, त्यात पांढरी माती कालवी, आणि मग उकिडवं बसून, उजव्या हातानं अर्धचंद्र ओढत मागं मागं सरकू लागली की बायका हातातली कामं टाकून उभ्या राहत. रंगभूमीवर एखादा कसलेला नट नुसता चालत आला तरी लोक सावरून बसतात ना, तसं. ओळीला ओळ अशी लागायची की जोड कुठं आहे ते दिसू नये. तिच्या अंगणात भाकर जमिनीवर ठेवून खावी, असं गावात म्हणत, आणि ते तिच्या कानावर गेलं की ती 'काहीतरीच' म्हणून पदर सावरी. पण दुसऱ्या दिवशी अंगण आणखी निगुतीनं सारवी.

तिचा नवरा शालिग्राम. चार एकरांचा शेतकरी, पण जीव त्याचा पाखरांत. गावच्या दंडारीत, त्या रात्रभर चालणाऱ्या सोंगांच्या खेळात, तो कधी राजा झाला नाही, राणी झाला नाही. कनातीमागं बसून मोराचा, टिटवीचा, होल्याचा आवाज काढायचा, एवढंच त्याचं काम. पण त्याची टिटवी ओरडली की समोरचे लोक खरोखर आभाळाकडं बघत. कापूस घेऊन अकोल्याला गेला असताना तिथल्या बाजारातून त्यानं हिरव्या-पिवळ्या चिमुकल्या राघूंच्या जोड्या आणल्या. गावानं त्यांना 'बिलायती राघू' नाव ठेवलं. ओसरीच्या टोकाला सागाचे खांब रोवून, जाळी ताणून, वर पत्रा टाकून शालिग्रामनं त्यांना माणूस वाकून आत जाईल असं घर केलं. अंडी घालायला बाजूला भोक पाडलेली मडकी टांगली. आणि घर झालं म्हटल्यावर ते सारवणं आलंच. ते गोजराबाईनं केलं.

बहात्तरच्या दुष्काळात शालिग्रामला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. ज्या तोंडातून रानातली सगळी पाखरं बोलत होती, त्या तोंडातून 'पाणी' हा शब्दही सरळ निघेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि गोजराबाईला बाजूला घेऊन सांगितलं, की याचं मन कशात तरी गुंतून राहू द्या; मन विझलं तर औषधाचा उपयोग नाही. तिनं घरी येऊन खाट ओसरीवर आणली, राघूंच्या घराकडं तोंड करून टाकली. झालं. सकाळी किलबिल सुरू झाली की शालिग्रामचे डोळे उजळायचे. राघूंनी राळा टिपला की त्याच्याही तोंडात घास जायचा. तेव्हापासून गोजराबाईच्या लेखी ती पाखरं नव्हती. नवऱ्याच्या जिवाला बांधलेले दोर होते.

दुष्काळ सरला. पुढच्या वर्षी ज्वारी-तूर बरी आली, आणि माणसांबरोबर उंदरांनाही चांगले दिवस आले. त्यानंतरच्या पावसाळ्यात तर घरोघरी हीच तक्रार: कणगीला भोक, घोंगडीला भोक, वहाणेला भोक. गोजराबाईच्या घरी उंदीर राघूंच्या वाटेला गेले.

एका सकाळी मडक्यातली अंडी फुटलेली. मग एक मादी मेलेली, मान कुरतडलेली. ते तरी कळण्यासारखं होतं. पण ज्यांना उंदरानं शिवलंही नव्हतं, ती पाखरंही पिसं फुलवून, डोळे मिटून दांडीवर बसू लागली, आणि दोन-तीन दिवसांनी खाली पडलेली सापडू लागली. एक राघू शालिग्रामच्या डोळ्यांदेखत दांडीवरून कलला. त्या दिवशी शालिग्रामनं महत्प्रयासानं कूस बदलली आणि तोंड भिंतीकडं केलं. गोजराबाईनं दुधात कुस्करलेली भाकर ओठाशी नेली, तर दात उघडेनात.

आता माणूस घाबरला की काय करतो? ज्यात त्याचा हात चालतो तेच करतो. गोजराबाई सारवू लागली. घाणीनं रोग होतो, स्वच्छतेनं जातो, हे तिला आईनं शिकवलेलं. ती आधी राघूंचं घर दिवसातून एकदा सारवी, ती आता दोनदा सारवू लागली. शेणात कडुनिंबाचा पाला वाटून घातला, हळद घातली. पाऊस बाहेर झिमझिम चालू, आत ओल्या सारवणाचा वास, आणि जितकं ती सारवी तितकी पाखरं मरत. शेजारची रंगूबाई एक दिवस जाळीशी येऊन म्हणाली, की सोडून दे बाई एकदाची, उडून जातील बिचारी. गोजराबाई सारवतच राहिली. उडून गेल्यावर खाटेवरच्या माणसानं कुणाकडं बघायचं?

मेडशीच्या बाजारच्या दिवशी जवळच्या मालेगावहून एसटीनं गुलाबसिंग आला. शालिग्रामचा जुना दोस्त, गच्चीवर कबुतरांची खुराडी बाळगणारा, झुपकेदार मिशांचा. शालिग्रामशेजारी खाटेवर बसून त्यानं आधी बराच वेळ कबुतरांच्या गप्पा मारल्या, एकतर्फीच. मग उठून राघूंच्या घरात वाकून गेला, जमिनीवर तळहात टेकवला, हात नाकाशी नेला आणि बाहेर आला.

"भाभी, दिवसातून किती डाव सारवता?"

"दोन डाव. काहून?"

"लई झालं."

गोजराबाईच्या कपाळाची शीर तटतटली. "कबुतराच्या घाणीत राह्यनारानं मले सारवण शिकवू नये, भाऊजी. साऱ्या गावचे मांडव म्या सारवले."

गुलाबसिंग हसला नाही, रागावलाही नाही. "तुमच्या हातात खोट नाही, भाभी. मले फक्त येवढं सांगा. अशा पावसात, वल्ल्या सारवणावर तुमी ज्वारी वताल का?"

एवढं बोलून त्यानं टोपी घातली आणि तो बाजाराकडं निघून गेला.

गोजराबाई खांबाला धरून उभी राहिली. ओल्या सारवणावर ज्वारी? असं कुणी वेडी बाई तरी करील काय? पावसाळ्यात कणगीखालची जमीन ती सारवतच नसे. धान्याला ओल लागली की त्याला बुरशी धरते, सोंडे होतात, हे तिला भाकरी थापता येण्याआधीपासून ठाऊक. मग राघू काय खातात? धान्यच ना? आणि ते सांडतं कुठं?

ती वाकून आत गेली. कोपऱ्यातलं आजचं सारवण नखानं उकरलं. खाली राळ्याच्या सालपटांचा थर, त्याखाली कालचं सारवण, त्याखाली परवाचं, आणि प्रत्येक थरात दबलेले दाणे काळेनिळे पडलेले, कुबट वासाचे. पाखरं खाली उतरून तेच टिपत होती. मडक्याखाली तिनं टाच दाबली तर जमीन लोण्यासारखी आत गेली आणि मनगटाएवढं बीळ उघडं पडलं. रोज ओली होणारी जमीन उंदरांना पोखरायला किती सोपी! रात्री त्यांनी पोखरायचं, सकाळी तिनं वरून लिंपायचं. तिच्या सुंदर सारवणाखाली त्यांचा संसार झाकलेला. एवढे दिवस आपण दार लावतोय असं तिला वाटत होतं, आणि तिनंच कडी काढून दिली होती.

गोजराबाई तिथंच खाली बसली. मग उठली, हात धुतले आणि रंगूबाईला म्हणाली, "जाय वो, बाजारातून गुलाबसिंगाले बलाव. सांग, भाभी चुकली म्हनते."

पुढच्या दोन दिवसांत त्या ओसरीवर जे घडलं ते गावानं मिळून केलं, असं म्हणायला हरकत नाही. पाखरं आधी करंड्यांत घालून, वर जुनी साडी बांधून शालिग्रामच्या खाटेवर ठेवली. उकंडराव गवंडी 'जय भीम' करून आला. नदीकाठचे चपटे दगड बैलगाडीतून त्यानंच आणले. जमीन हातभर खणून काढली. सारी बिळं चुन्यानं बुजवायची, पण चुन्यात काच पाहिजे, नाहीतर उंदीर पुन्हा फोडतात, असं गुलाबसिंगचं म्हणणं. काच आणायची कुठून? गोजराबाईनं कोपऱ्यातलं पोतं ओढलं. शालिग्रामच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. लकव्यापासूनच्या साऱ्या तिनं जपून ठेवल्या होत्या. त्या तिनं पोत्यावर घातल्या आणि वरवंट्यानं फोडल्या.

खाटेवरून एक आवाज आला. सगळे वळले. शालिग्रामचं तोंड एका बाजूनं वर गेलं होतं. कित्येक दिवसांनी तो हसत होता. आपली कडू औषधं उंदरांच्या वाट्याला जाताहेत, हे त्याला मनापासून आवडलं होतं.

"पाहा, भाऊजी," गोजराबाई म्हणाली, "याहिले औषध आता लागू पडलं."

दगड बसले. खांबांच्या बुडाला तेलाच्या डब्यांचे पत्रे गुंडाळले, म्हणजे नखं रुतू नयेत. जाळीवर आतून आणखी बारीक जाळी शिवली. दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात गेले. पत्र्याची वळचण थोडी मागं घेतली, म्हणजे सकाळचं ऊन आत यावं.

त्यानंतरची गोष्ट मात्र गोजराबाईला एकटीलाच करायची होती. रोज पहाटे उठल्यावर तिचा हात शेणाच्या पाटीकडं जायचा, आणि तो तिला मागं घ्यावा लागायचा. सारवायचं नाही. नदीची वाळू चाळायची, उन्हात नाहीतर चुलीजवळ वाळवायची, दगडावर पसरायची, आणि संध्याकाळी सांडलेल्या दाण्यांसकट झाडून फेकायची. पाण्याचं मातीचं भांडं राखेनं घासायचं, कढत पाण्यानं धुवायचं. बायका म्हणत, गोजराबाईच्या घरी वाळू, म्हणजे कलियुग आलं. ती म्हणे, आलं तर येऊ द्या, माझी पाखरं कोरडी आहेत. तोंडानं म्हणे, पण चाळणी हलवताना तिच्या बोटांना चुकल्यासारखं होई.

त्यातही एक पाखरू गेलंच. ते आधीपासून आजारी होतं. त्या दिवशी ती शालिग्रामकडं बघायला धजत नव्हती. पण त्यानं तोंड फिरवलं नाही. डाव्या हातानं त्यानं उरलेल्यांकडं बोट केलं. उरलेली खात होती. मग त्यानंही खाल्लं.

दिवाळी झाली, थंडी पडली. एका सकाळी मडक्यातून बारीक कुरकुर ऐकू आली, आणि ती आधी ऐकली शालिग्रामनं. तिला हाक मारायला त्याच्या जिभेला शब्द सापडेना, म्हणून त्यानं आवाज काढला, अडखळता, अर्धवट, पण होल्याचाच. गोजराबाई चुलीपुढून धावत आली. माघापर्यंत राघूंचं घर पुन्हा हिरवंपिवळं झालं.

गुलाबसिंग पुढं बाजाराला आला तेव्हा त्याला एक जोडी द्यायची, हे गोजराबाईनं मनाशी ठरवलं होतं. उपकार ठेवून घेणारी ती बाई नव्हे. पण संसारी बाईचा हिशोबही सुटत नाही. तिनं करंडी घेतली आणि कोपऱ्यातली, जरा किरकोळ दिसणारी जोडी धरायला ती वाकली.

"नाही," शालिग्राम म्हणाला.

ती थबकली. त्यानं डावा हात उचलला आणि सगळ्यांत वरच्या दांडीवरच्या जोडीकडं केला: भरगच्च पिसांचा हिरवा नर, आणि पहिल्यांदा अंडी उबवून दाखवणारी पिवळी मादी. तीच, जिच्यावर त्याचा जीव.

"तेच्याविना करमन का तुमाले?" तिनं विचारलं.

शालिग्रामनं बराच वेळ घेतला. ओठ हलत राहिले. मग एकेक शब्द वेगळा करून म्हणाला, "चांगलं... ते... द्यावं."

गुलाबसिंगनं मिशांवरून हात फिरवला आणि तो उगाच एसटी यायच्या दिशेनं बघू लागला. गोजराबाईनं किरकोळ जोडी सोडली. वरच्या दांडीवरची जोडी हलक्या हातानं धरून करंडीत ठेवली, तळाला कोरडी वाळू पसरून, आणि राळ्याची पुरचुंडी बांधून दिली. मालेगावात नेल्यावर कुठं ठेवायचं, काय टाळायचं, हे सांगू लागली, तेव्हा ज्यानं तिला ते शिकवलं होतं तो माणूस निमूट मान हलवत राहिला.