गॅलरीतले बोंबील

नवरा गेल्यावर अर्नाळ्याचं घर बंद करून मी मनवेलपाड्याला मुलाकडे आले. तिसरा मजला. या घरात मला एकच जागा आवडली, ती गॅलरी. तिथे ऊन येतं.

थंडीत ओले बोंबील चांगले मिळाले. मी साफ केले, गॅलरीत दोरी बांधली आणि जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगले. अर्नाळ्याला दारोदारी असेच सुकतात, वासाचं कुणाला काही वाटत नाही. इथे दुपार व्हायच्या आत बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी बेल वाजवली.

मुलगा म्हणाला, "आई, जरा ॲडजस्ट कर ना."

सून म्हणाली, "आई, बिल्डिंगमध्ये राहायचं तर ॲडजस्ट करावंच लागतं."

अर्धवट सुकलेले बोंबील मी उतरवले. वाया गेले.

मग तो शब्द रोजच कानावर येऊ लागला. पाहुणे आले, माझी गादी स्वयंपाकघरात गेली, ॲडजस्ट. टीव्ही माझ्या उशाशी मोठ्याने लागला, ॲडजस्ट. माझी शाळा चौथीपर्यंत. मला वाटायचं, गप्प बसण्याला इंग्रजीत असं म्हणत असतील. शेवटी नातीला विचारलं. ती माझ्याच खुर्चीत घुसली.

"तू थोडी सरक, मी थोडी सरकते. झालं ॲडजस्ट!"

"दोघींनी सरकायचं?"

"मग काय, आजी! तू एकटीच सरकत राहिलीस तर पडशील ना खाली."

पुढे ठरलं, गॅलरीला काचा लावायच्या आणि कपडे धुवायचं मशीन तिथे ठेवायचं. चारचौघांत बोलायची मला सवय नाही, घरातही नाही. तरी जेवताना धीर केला. सुनेला म्हटलं, "बाय, मशीन बाथरूमात पन ऱ्हाईल. तुमी पन जरा ॲडजस्ट करा ना."

तिचा घास हातातच राहिला. मग ती नवऱ्याकडे बघून हसली. "ऐकलंस का? आई इंग्लिश झाडायला लागल्या!"

मुलगाही हसला. नात हसली नाही. रविवारी सुनेने तो विनोद फोनवर आपल्या भावालाही सांगितला, मी समोर भाजी निवडत असताना.

नातीने अर्थ खरा सांगितला होता. पण हा शब्द कुणी कुणाला म्हणायचा, ते तिला अजून ठाऊक नाही.

मशीन आलं. माझी दोरी सोडून मुलाने ती मशीनच्या रिकाम्या खोक्याला बांधली आणि खोकं माळ्यावर टाकलं. मी मशीनशेजारी स्टूल ठेवून बसून पाहिलं. मशीनचं दार उघडलं की गुडघ्यावर आपटतं.

"बसा की, आई, आहे ना जागा," सून आतून म्हणाली.

मी स्टूल उचलून आत आणलं.