मॅनेजरबाईंची तालीम

मला बोलायला मॅनेजरबाईंनी शिकवलं. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणीही विचारेल की त्या शिकवण्याचा उपयोग काय झाला. उपयोगाचं मला सांगता येणार नाही. पण सातवीत शाळा सुटलेल्या माझ्यासारखीला अनोळखी माणसासमोर एक वाक्य शेवटपर्यंत नेता येतं, ते त्यांच्यामुळे.

त्या मॅनेजर कधीच नव्हत्या. दर्यापूरच्या एका बँकेत शिपाई होत्या. नवरा तिथेच शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागी लागल्या आणि रिटायर होईपर्यंत साहेबाच्या केबिनमध्ये चहा नेत राहिल्या. कर्ज मागायला आलेली शेकडो माणसं त्यांनी हातात ट्रे धरून ऐकली. कोण कुठे अडखळतो, कोणत्या शब्दाला साहेबाचं तोंड वाकडं होतं, सगळं त्यांना पाठ. पुढे घरामागच्या शेवंतीच्या वाफ्यांशेजारी त्यांनी एक टेबल टाकलं. बँकेच्या पायरीचीच भीती वाटणाऱ्या बाया, टोपल्या विणणारे, आमच्यासारखे पिंजारी तिथे यायचे. बाई चष्मा नाकावर ओढून मॅनेजर व्हायच्या आणि आमची तालीम घ्यायच्या. त्याचं काही घ्यायच्या नाहीत. "फुलं इकून पोट भरते मह्यं," म्हणायच्या.

मॅनेजर झाल्या की फार खवट व्हायच्या. आपण बोलत असताना कागद चाळायच्या, फोन आल्याचं नाटक करायच्या, बशीत चहा ओतून फुर्र करून प्यायच्या. "साहेब असंच करते. तो वर पाह्यत नाही म्हणून तू गप झाली, तं तशीच घरी जाय."

पहिल्या दिवशी मी टेबलापासून चार हातांवर हात जोडून उभी राहिले. बाई कडाडल्या, "काहून उभी आहे वं, नसीम? भीक मागाले आली का धंदा कराले? कोणी बस म्हणन म्हणून वाट पाहू नको." मी खुर्चीच्या काठावर टेकले. "पूर्ण बस. खुर्ची तुह्या बापाची नाही, तशी त्याच्याही बापाची नाही."

मग त्यांनी विचारलं, "काय पाहिजे?" आणि मी रडायला लागले.

रडणं खोटं नव्हतं. पण शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्या सगळ्या भागाला रडायची सवयच लागली होती. गाड्या भरभरून माणसं यायची, अधिकारी, कॅमेरेवाले, संस्थावाले. जे घर नीट रडे त्याला शिलाई मशीन मिळे, शेळी मिळे. त्यामुळे परक्या माणसासमोर तोंड उघडलं की आधी दुःखच बाहेर यायचं. मीही सांगितलं की अब्बांच्या छातीत कापसाचा भुसा बसलाय, खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण घेऊन गावोगाव फिरणं आता होत नाही, रुई पिंजायचं मशीन मिळालं तर घर चालेल. बाईंनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढला.

"खरं आहे, मले समजते. पण रडणाऱ्याले मदत भेटते पोरी, कर्ज नाही भेटत. साहेबाले दुःख सांगू नको. गिऱ्हाईक सांग."

गिऱ्हाईक! हा विचार मी कधी केलाच नव्हता. बाई तीन दिवस तेच विचारत राहिल्या. कोण येतं? काहून येतं? मागच्या साली किती आले? चौथ्या दिवशी माझ्याच तोंडून निघालं, "बाई, कापूस पिकला की लोक नवी गादी भरतात. नाही पिकला की जुनीच उसवून, तीच रुई पिंजून पुन्हा भरून घेतात. वाईट वर्षी आमचं काम वाढतं. अब्बांच्या हातानं दिवसाला एक गादी होते, मशीनवर सात-आठ होतील."

बाई चहा प्यायच्या थांबल्या. "हे कोणी सांगतलं तुले?"

"कोणी नाही. मीच."

"मंग हेच सांग. याच्या मांगं-पुढं काही लावू नको. आसवंही नको."

अब्बांना काही पटत नव्हतं. खोकत खोकत म्हणायचे, "अपने को कौन देगा, बेटी?" बाई त्यांना त्यांच्याच भाषेत सुनवायच्या, "भाईजान, मांगके तो देखने दो उसको!"

मी बँकेत जाऊन कर्ज मागून पाहिलं. बसले, बोलले, रडले नाही. साहेबानं कागद बाजूला ठेवला, दोन प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरं मला आली. "छान सांगितलंत," म्हणाला. मी उडतच बाहेर आले.

दोन महिने काहीच आलं नाही. मग बाईंच्या जागी लागलेल्या शिपायानं त्यांना सांगितलं की या तालुक्यात नवीन कर्ज देऊ नका, असा कागद वरून आलेला आहे. जुनी कर्जं थकली म्हणून. मी त्या खुर्चीत बसायच्या आधीपासून तो साहेबाच्या टेबलाच्या खणात पडला होता.

दुसऱ्या दिवशी बाई चांगलं लुगडं नेसून बँकेत निघाल्या. मी सोबत होते. साहेब उठून म्हणाला, "या बाई, बसा." बाई बसल्या नाहीत. दाराशी जाऊन भिंतीला लागून उभ्या राहिल्या, जिथे तीस वर्षं उभ्या राहिल्या असतील तिथेच. "साहेब, या पोरीचं..." एवढंच बोलल्या. साहेब वरच्या हुकुमाचं काहीतरी सांगत राहिला. त्याचं संपलं तसं बाईंनी त्याच्या टेबलावरचे रिकामे कप उचलले आणि बाहेर आल्या. पायरीवर आल्यावर त्यांचं हाताकडे लक्ष गेलं.

"पाह्य, भांडाले गेली होती मी," त्या म्हणाल्या, "अन् काय आणलं पाह्य." हसायला गेल्या, पण हसू आलं नाही. कप पायरीवर ठेवत म्हणाल्या, "इतके वर्स साहेबाचं तोंड पाह्यलं. टेबलाचा खण कधी पाह्यला नाही."

तालमी नंतरही झाल्या, पण खवटपणा गेला. कुणी रडलं तर रडू द्यायच्या. कर्ज मिळालेलं माझ्या माहितीत कुणीच नाही.

अब्बा त्याच थंडीत गेले. माझं लग्न होऊन मी सुरतेला निघाले, तेव्हा बाई जीपमध्ये दाटीवाटीनं बसून बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत आल्या. गाडी सुटताना म्हणाल्या, "तिकडे कोणी विचारलं, काय येते, तं काम सांगजो. शिकली नाही, हे पह्यले सांगू नको." मी अजूनही कधी कधी तेच पहिलं सांगते. मग जीभ चावते.

इथे मी फोमच्या गाद्यांच्या कारखान्यात आहे. बाई आता अकोल्याला भाचीकडे अंथरुणाला खिळल्यात. भाची फोनवर म्हणाली, फोमची गादी तापते, पाठीला जखमा झाल्यात, रात्रभर कण्हतात. तेव्हापासून कारखान्यात हात चालतो, पण जीव लागत नाही. रजा दोनदा मागितली, दोनदा नाही म्हणाले. उद्या पुन्हा मागणार आहे. अब्बांचं पिंजण मी सोबत आणलंय, त्याची तात, रुई फुलवणारी दोरी, अजून शाबूत आहे. बाई, मी अकोल्याला येईन. तुमच्या भाचीच्या अंगणात बसून चांगली रुई हातानं पिंजीन आणि तुमच्या पाठीला मऊ लागेल अशी गादी भरून देईन. उशीर होईल का, याची भीती वाटते. पण गादी मी भरीन.