कालचा आकडा आज न दाखवणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताई चौगुले यांची माझी ओळख सांगलीतल्या त्यांच्या कार्यालयात झाली. शाळा आणि ग्रामपंचायतींच्या वेबसाइट त्या तयार करतात. मी वडूजहून नोकरीसाठी आलो होतो. पाचगणीच्या एका शाळेचं काम मला मिळालं आणि शाळेचा फोन नंबर मी प्रत्येक पानावर पुन्हा पुन्हा लिहून ठेवला. ताईंनी ते पाहिलं.

"नंबर बदलला की एवढ्या पानांवर कोण फिरणार रं? तू का मी?"

मग नंबरची एकच फाईल करून ती सगळ्या पानांच्या साच्यात कशी ओढून घ्यायची, हे त्यांनी शेजारी बसून शिकवलं.

माझी आई मिरजेला दवाखान्यात होती, तेव्हा डबा ताईंच्या घरून येत असे. त्यांच्या जैन घरात लसूण शिजत नाही. आईला आवडते म्हणून लसणाची चटणी त्या शेजारणीकडून मागून आणत.

दुसऱ्याच्या संगणकावरची फाईल आपल्या पानात आणायची असेल, तर ताई आधी विचारतात, "ती आली नाही तर काय दिसेल?" नदीकाठच्या एका गावाच्या वेबसाइटवर कृष्णेच्या पातळीचा आकडा असाच बाहेरच्या फाईलमधून येत असे. एका पावसाळ्यात, पाणी चढत असताना, ती फाईल यायची थांबली. आमच्याकडे आदल्या दिवशीची प्रत होती. ताईंनी ती दाखवू दिली नाही. पानावर मजकूर आला: 'ताजा आकडा मिळालेला नाही. घाटावर जाऊन पाणी पाहा.'

सरपंचांचा लगेच फोन आला. "आवं ताई, कालचा आकडा ठेवा की! लोकं घाबरल्याती."

"घाबरू देत, अण्णा. नदीकाठच्या मळीतल्या गोठ्यात जनावरं हायत. कालचा आकडा बघून लोकं ती तिथंच ठेवतील."

"मग पुढचं काम दुसऱ्याला देतो."

"द्या. पर आधी घाटावर मानूस धाडा."

माणूस गेला. पाणी मळीला लागलं होतं. संध्याकाळच्या आत जनावरं गावठाणात आणली गेली आणि दुसऱ्या दिवशी गोठे पाण्याखाली होते. सरपंचांचा पुन्हा फोन आला. "ताई, समदी जनावरं वर हायती. तुमी काल जेवला का न्हाई?"

ताई जेवल्या नव्हत्या. आता त्यांची साठी झाली आहे. त्यांनी वेळेवर जेवावं, प्रकृती सांभाळावी, आणि घाईत आम्ही काही चुकीचं दाखवायला निघालो की पुढची अनेक वर्षं आम्हाला असंच अडवावं.