रक्ताची भरती अडवली तेव्हा

तेव्हा मी पंचावन्नची होते, म्हणजे जगातलं सगळं आपल्यालाच कळतं असं वाटण्याचं वय. दोन हजार सात-आठ साल असेल. आमच्या ह्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी नेमकी फाटा फुटतो तिथेच तुंबली, आणि डॉक्टरांनी आत बारीक तारांची जाळी बसवली. घरी सोडताना म्हणाले, "रोज चालवा ह्यांना. हळूहळू वाढवत न्या." मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोण धरणार!

डोक्यात मात्र खाडी होती. उधाणाचं पाणी खाडीच्या फाट्यात घुसलं की रोवलेले खुंट उपटून नेतं, हे मी जन्मभर पाहिलेलं. मग रक्त जोरात धावलं तर जाळी टिकेल? मी ह्यांना पडवीतल्या खुर्चीत बसवलं. चालायचं नाही, रागवायचं नाही, मोठ्याने हसायचंसुद्धा नाही. थट्टेखोर शेजारी मी अंगणातूनच परतवले. समोर किनाऱ्यावर माणसं रापणीचं जाळं ओढायला लागली की हे मान लांब करून बघत. म्हणून खुर्चीचं तोंडच भिंतीकडे फिरवलं.

महिन्याभरात ह्यांच्या पोटऱ्या सुकल्या. न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरू लागले. मी म्हणायची, बघा, किती शांत झालेत!

मग मुंबईहून लेक आली. अशाच जाळी बसवलेल्या फाट्यांतून रक्त कसं वाहतं, ते ती संगणकावर मांडून बघायची. तेच तिचं संशोधन. दारातच थबकली.

"बाबा, भिंतीकडे तोंड करून कित्याक बसलंस?"

"तुझ्या आयेक विचार."

मी माझं खाडीशास्त्र ऐकवलं. तिने लॅपटॉप उघडून एक रंगीत फाटा दाखवला.

"ह्यां बघ. रगत वेगान जाता थंय बरा. तारांच्या मागे, फाट्याच्या भायल्या कुशीत ता रेंगाळता. थंयच परत तुंबाची भीती."

"आणि जाळी व्हावान गेली तर?"

"ती फुगो फुगवन भिंतीत दाबून बसयतत, आये. तुझो खुंट न्हय तो."

"ही शीर तुझ्या बापाशीची?"

"नाय. मी आखलेली. खऱ्या शिरेसारखी हलत पण नाय."

मला जोर चढला. "मगे! ह्या खोट्या शिरेक माझ्या घोवाचा काय म्हायत?"

"तिका नसात. डॉक्टराक म्हायत होता मां? तेनी काय सांगलेलां?"

भिंतीकडून आवाज आला, "चालूक सांगलेलां. माझ्यासमोर."

"मगे तू बोललंस कित्याक नाय?"

"हसूक बंदी, थंय बोलूक कोण देता!"

त्याच संध्याकाळी मी त्यांना दंड घट्ट धरून वाळूपर्यंत नेलं. मध्येच ते थांबले.

"दुखता?"

"तुझी बोटां दुखतत. सोड गो माका."

सोडलं. महिन्याभरात पहिल्यांदा ते एकटे चालले, दहा-बारा पावलं, डुलत डुलत. मी मागून जाणार होते, पण स्वतःला आवरलं आणि तिथेच वाळूत बसकण मारली.