रमजानचं घड्याळ आणि हम्मूचा कोट

“पहिला खजूर तोंडात टाकला, लहसेन, अन् तवाच तिकडं माझा कोट लुटून न्हेला.”

टॅक्सीवाला हम्मू दुकानाच्या उंबऱ्यात उभा राहून सांगत होता. लहसेन चांदीच्या कड्याचा तुटका सांधा डाग लावून जोडत होता. त्यानं मान वर केली नाही. सकाळपासून हेच गाऱ्हाणं घेऊन आलेला हा पाचवा.

तिझनीत गावच्या चांदीबाजारात लहसेनचं दुकान बोटभर. मागच्या फळीवर जुना कॉम्प्युटर, त्यात लिनक्स, आणि त्यावर मुलखातल्या आणि मुलखाबाहेर गेलेल्या चाळीस जणांचा एकच खेळ: रान तुडवा, लाकूड तोडा, तटबंदीचा कोट बांधा, जगा. सर्व्हर लहसेन फुकट चालवायचा आणि शिव्याही फुकटच खायचा. खेळात काही नवं आलं, की लिनक्सवर तो पुन्हा उभा करण्यात लहसेनचा अर्धा दिवस जायचा.

रमजानात दुसऱ्याचा कोट फोडायचा तो साडेसातनंतरच, हा नियम त्याचाच. रोजा सुटतो पावणेसातला. पण या महिन्यापुरतं सरकार देशाचं घड्याळ तासभर मागं घेतं. लहसेननं भिंतीवरचं मागं केलं, शेजारच्या न्हाव्याचंही केलं. सर्व्हरचं तेवढं राहिलं. यंत्र आपल्या मनानं वेळ बदलतं म्हणून गेल्या साली त्यानंच ती सोय बंद केलेली. काल सर्व्हरवर साडेसात झाले तेव्हा गावात साडेसहाच वाजलेले, आणि सगळे हरिऱ्याच्या, म्हणजे रोजा सोडायच्या सुपाच्या, वाट्या पुढ्यात घेऊन बांगेकडं कान लावून बसलेले.

ब्रसेल्सला राहणारे चौघं मात्र तिकडच्या वेळेनं जेवूनखाऊन मोकळे. त्यांच्याही घड्याळात साडेसातच. हम्मूची आणि आणखी दहा जणांची तीन आठवड्यांची मेहनत त्यांनी पाऊण तासात धुऊन नेली.

“काल सहाला व्हता तसा खेळ परत चढीव,” हम्मू म्हणाला. “न्हाई तर आमी अकरा जण दुसरा सर्व्हर धरतो.”

अकरा गेले की बाकीचेही पांगणार. आणि चढवावा, तर नियमानं मिळालेलं हातचं जातंय म्हणून चौघं तोंड फिरवणार. लहसेननं चिमटा आपटला.

“चढीवतो. पर त्यांनी चोरी न्हाई केली, घड्याळ माझं चुकलं. त्यांला माझा कोट देतो.”

“दोन वर्सांचा? मग तू ऱ्हाणार कुठं?”

“तुझ्या कोटाच्या वसरीला. अन् आता जा बाबा, रोजा हाय, मला शिवी देता येत न्हाई.”

त्यानं आधी सर्व्हरचं घड्याळ मागं घेतलं, मग सहाचा खेळ चढवला, मग चौघांना निरोप धाडला. तोवर कडं गार पडलेलं. पुटपुटत त्यानं पुन्हा ज्योत पेटवली आणि डाग धरला.