ह्यांचं विमान आणि माझे डोळे

आपला मोठा तलाव आकाशातून इतका शांत, इतका जांभुळलेला दिसत असेल, हे भोपाळमध्ये पस्तीस वर्षं काढूनही मला ठाऊक नव्हतं. इंद्रपुरीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत मी चहाचा कप घेऊन उभी होते आणि समोरच्या रुंद पडद्यावर ते सायंकालीन जल हळूहळू तिरकं होत होतं. केवढं ते लावण्य! आणि पडद्यापुढे पाठ ताठ करून, हातात सुकाणू आणि पायांखाली पेडल घेऊन बसले होते आमचे हे. कारखान्यात टर्बाइनच्या सोबतीनं आयुष्य काढून निवृत्त झालेला माणूस घरबसल्या विमान उडवत होता.

तुम्ही म्हणाल, म्हातारपणी हे काय खूळ! मीही आधी तसंच म्हटलं. पण विसाव्या वर्षी वैमानिक व्हायला नागपूरहून निघालेल्या ह्यांना डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक दाखवलं होतं, आणि त्या ठिपक्यांत दडलेला आकडा ह्यांना दिसला नव्हता. तांबडा आणि हिरवा ह्यांच्या डोळ्यांत एकमेकांत विरघळून जातात. तेवढ्यावरून नाव कापलं गेलं. तक्रारीचा शब्द कधी निघाला नाही. पण डोक्यावरून विमान गेलं की ह्यांचं बोलणं आजही अर्ध्यावर थांबतं. आपल्याला जमलं असतं का, हा एकच काटा त्या थांबण्यात सलत असे. निवृत्तीनंतर ह्यांना हवं होतं ते खेळणं नव्हतंच, त्या प्रश्नाचं उत्तर होतं.

आणि उत्तर मिळवायची ह्यांची तऱ्हा तरी कशी! विमानाच्या खेळासाठी संगणक घ्यायचा, तर कारखान्यात यंत्र घेताना करतात तसा तुलनेचा मोठा तक्ता झाला. तीन दुकानांकडून बंद पाकिटांत प्रस्ताव मागवले. दुकानदारांनी ते मोबाइलवर पाठवले, तर ह्यांनी ते छापून स्वतःच पाकिटांत घातले, चिकटवले आणि मला साक्षीला बसवून कात्रीनं उघडले. मी पोट धरून हसले. ह्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

पण त्या तक्त्याकडे नीट पाहिलं आणि माझं हसू ओसरलं. विमानाच्या खेळात सगळा भार नुसत्या चित्रावर नसतो, गणितावरही असतो, म्हणून प्रोसेसर आणि मेमरीला भरघोस गुण होते. वीजपुरवठ्याचा डबा मात्र टर्बाइनवाल्याच्या सवयीनं गरजेच्या दुप्पट ताकदीचा. राहिला प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिमचा. हे वीस वर्षांपासूनचे लिनक्सभक्त. त्या प्रणालीची स्तुती जेवताना ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. दुकानातली चुणचुणीत मुलगी म्हणाली, “अंकल, लिनक्स अच्छा है, पर आपके ये पैडल-वैडल विंडोज में लगाते ही चल पड़ेंगे।” हे घरी आले, जुन्या संगणकावर स्वतः पडताळणी केली, आठवडाभर झुंजले, आणि लिनक्सच्या रकान्यापुढे लिहिलं, ‘स्वतःच्या आवडीला गुण नाहीत.’ एवढी सचोटी माणसं देवापुढे तरी दाखवतात का?

पडद्याच्या निवडीला मात्र ह्यांनी मला सोबत नेलं. रंग अस्सल हवेत, ही पहिली अट. आणि ते अस्सल आहेत की नाहीत, हे ह्यांना स्वतःला कळणं शक्यच नव्हतं! सहा पडद्यांपुढून मी फिरले, हे मागे हात बांधून उभे राहिले, आणि मी बोट दाखवलं तो पडदा घरी आला.

त्या खेळात अशा डोळ्यांसाठी रंग बदलून घ्यायची सोय आहे, हे मीच एके दिवशी शोधून काढलं. आनंदानं सांगायला गेले, तर ह्यांनी मान हलवली. “अगं, रंग माझ्या सोयीनं बदलले, तर परीक्षा माझी कुठे राहिली?”

परीक्षा साधी होती. आपल्याच विमानतळावर, तिन्हीसांजेला, दहा वेळा उतरायचं. धावपट्टीशेजारी चार दिवे असतात: दोन लाल आणि दोन पांढरे दिसले, तर उतार बरोबर, लाल वाढले, तर विमान फार खाली आलेलं. ह्यांना चारही मळकट पिवळे दिसत होते. दहापैकी सात वेळा विमान पट्टीच्या अलीकडेच जमिनीला भिडलं. दहावी खेप झाली, ह्यांनी तक्त्यात आकडा भरला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “डॉक्टर बरोबर होते.”

मला रडू आलं. त्या न पाहिलेल्या डॉक्टरवर मी लग्न झाल्यापासून मनातल्या मनात दात खात आले होते. आणि ज्याचं आकाश गेलं, तो माणूस इतक्या निर्मळपणे त्याला न्याय देऊन मोकळा झाला! आपल्या विरुद्ध जाणारं उत्तर मिळावं म्हणून इतकं उत्तम यंत्र निवडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ह्यांचा मला फार अभिमान वाटला, आणि तो मी तिथेच बोलून दाखवला.

ह्यांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून आपल्या खुर्चीला लावली. “बस इथे. परीक्षा संपली, आता नुसतं उडायचं. लाल किती ते तू सांगत जा.”

अंधारून येणाऱ्या त्या चित्रात दिवे लुकलुकू लागले. “तीन लाल,” मी म्हणाले. विमानानं नाक किंचित उचललं. “आता दोन लाल, दोन पांढरे.”

गॅस बंद केला म्हटलं तरी “नक्की?” म्हणून विचारणारा, कुलूप लावलं म्हटलं तरी परत जाऊन ओढून बघणारा हा माणूस! मी वाट पाहिली. ह्यांनी काहीही विचारलं नाही. समोर बघत अलगद चाकं टेकवली.