बोर्डावरची तिसरी पार्टी

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कोणाचं जमलेलं लग्न मोडलं, कोणाची बदली रद्द झाली, कोणाच्या भावाने दुसरं बिऱ्हाड थाटलं, हे सगळं ठाऊक असलेली आणि त्यातलं एक अक्षरही कधी तोंडातून न काढलेली बाई जगात एकच होती, आणि दुर्दैवाने ती आमच्या घरात राहत होती. माझी आत्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉल बुक करायचा आणि मग दिवसभर घरात बसून वाट बघायची, असे ते दिवस. आत्या कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसायची, या भोकातली वायर त्या भोकात घालायची आणि दोन गावची दोन माणसं बोलायला लागायची. लाइन नीट लागली की नाही एवढं बघण्यापुरतं ऐकावंच लागे, आणि तिचे कान असे तिखट की तेवढ्यात तिला सगळं कळायचं. नुसत्या 'हॅलो'वरून समोरच्याला ताप आहे की त्याचं घरात भांडण झालंय, हे ती सांगू शकली असती. पण ती सांगायची नाही, हेच तर आमचं दुखणं होतं.

डोंबिवलीत शेजारच्या घरी पाहुणा आला तर तो किती दिवस राहणार हे त्याच्याआधी आम्हाला कळलेलं असतं. अशा गावात असलं माणूस घरी असणं म्हणजे हलवायाच्या घरी मधुमेह. आमच्याच मजल्यावरच्या एका बाईंच्या मुलीला नागपूरचं स्थळ बघून गेलं होतं. उत्तर येईना. मुलाच्या वडिलांनी ठाण्याच्या मध्यस्थाला ट्रंक कॉल करून होकार कळवला आणि तो कॉल नेमका आत्याने जोडला. संध्याकाळी घरी येताना ती त्या बाईंकडे डोकावली. बाई रडकुंडीला आलेल्या. आत्याने त्यांच्याकडचे पोहे खाल्ले, वर लिंबाची फोड मागून घेतली, धीर धरा म्हणाली आणि घरी आली. पुढे लग्नाच्या मांडवात मध्यस्थाकडून कॉलचा दिवस कळला तेव्हा बाईंना सगळा उलगडा झाला, आणि त्यांनी आत्याशी बोलणंच टाकलं. आत्याला त्याचं काहीच वाटलं नाही. "कॉल त्यांचा होता," ती म्हणाली. "मी फक्त वायर लावली."

आमच्याकडे फोन आला तेव्हा तो बिल्डिंगमधला पहिला होता. साहजिकच सगळ्यांच्या पत्रिकांवर, अर्जांवर आमचाच नंबर, पुढे पी.पी., म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहून. कोणाचा फोन आला की गॅलरीतून हाक मारायची, तो माणूस धापा टाकत यायचा आणि आमच्या हॉलमध्ये उभा राहून बोलायचा. दुसऱ्या कुठल्याही घरात अशा वेळी मंडळी पेपर चेहऱ्यासमोर धरून कान टवकारून बसतात. आमच्याकडे आत्या सगळ्यांना स्वयंपाकघरात हाकलायची आणि मिक्सर चालू करायची. रिकामा. वडील चिडायचे, मिक्सर जळेल म्हणायचे, पण बोलणाऱ्याने रिसीव्हर खाली ठेवेपर्यंत तो घरघरत राहायचा. कोणाचं बोलणं चालू असताना आपण कान बंद करायचे, आणि बंद होत नसतील तर मिक्सर लावायचा, हा संस्कार आमच्यावर शुभंकरोतीच्या आधी झाला.

स्वतःबद्दल कोणी काही विचारलेलंही तिला खपायचं नाही. एका साडीच्या दुकानात खरेदीनंतर लकी ड्रॉचं कुपन पुढे आलं. नाव, पत्ता, वाढदिवस, घरात माणसं किती. आत्याने पेन बंद केलं आणि मालकाला त्याचा वाढदिवस विचारला. मग बायकोचं नाव, सासुरवाडी, दागिने कुठे ठेवता. तो घामाघूम झाला. "साडी घेतली, पैसे दिले, आपला संबंध संपला," एवढं सांगून ती बाहेर पडली. दारात मला म्हणाली की हा कुपनं पुढे भांडीवाल्याला आणि विमावाल्याला विकणार. मला ते अती वाटलं होतं. पण महिन्याभरात, ज्यांनी ज्यांनी ती कुपनं भरली होती त्यांच्या दारात एकच कुकर विकणारा माणूस नावानिशी हाका मारत हजर झाला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी कॉम्प्युटर घेतला. तोवर वडील गेले होते, आत्या निवृत्त झाली होती, आणि घराघरांत फोन आल्यामुळे आमचा हॉल ओस पडला होता. तो पुन्हा भरला. कोणाचा मुलगा अमेरिकेत, त्याला ईमेल करायची. कोणाला क्रिकेटचा स्कोअर बघायचा. खालच्या मजल्यावरचे काका तर रविवारी आंघोळ करून, भांग पाडून यायचे. आत्याने जुना कायदा लगेच लागू केला: जो कॉम्प्युटरसमोर बसेल त्याच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. दुपारी मी वागळे इस्टेटच्या ऑफिसात आणि बायको तिच्या शाळेत असताना आत्या स्वतःही ते यंत्र शिकली. मॉडेमचा किर्र आवाज आला की लाइन लागली, हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही.

एका रविवारी काकांनी स्कोअरचं पान उघडलं तर वरच्या पट्टीत पांढऱ्या केसांची एक गोरी आजी हसत होती आणि शेजारी इंग्रजीत विचारलं होतं: ऐकू कमी येतं का? काका दचकले. मग माझ्या बायकोने केकची कृती बघायला दुसरंच पान उघडलं, तिथेही तीच आजी. बातम्यांच्या पानावर पुन्हा आजी. काकांना ते आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटलं आणि त्यांनी मला जिन्यात गाठून, आपल्याला शेजारच्या बिल्डिंगमधला कुकरसुद्धा ऐकू येतो, हे ठासून सांगितलं.

त्या संध्याकाळी आत्याने मला समोर बसवलं आणि हा काय प्रकार आहे ते विचारलं. मी सांगितलं की आपण एका वेबसाइटवर जातो, पण तिथली जाहिरातीची जागा दुसऱ्याच कंपनीने घेतलेली असते. ती कंपनी आपल्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप एक खूण ठेवते. तिला कुकी म्हणतात. त्याच कंपनीची जागा क्रिकेटच्या पानावर असते, केकच्याही पानावर असते. तिथे गेलं की ती आपली खूण ओळखते आणि हा मघाशी काय बघत होता त्याप्रमाणे माल पुढे करते. त्या बिचारीला वाटतं एका यंत्रासमोर एकच माणूस बसतो. आमच्याकडे अख्खी बिल्डिंग बसते हे तिला काय माहीत.

आत्या लालबुंद झाली. "फोनवर दोन पार्ट्या असतात," ती म्हणाली. "ही तिसरी कोण? माझ्या बोर्डावर कोणी असा प्लग लावून बसला असता तर मी त्याला पोलिसांत दिलं असतं. अरे, मी त्या पानावर दोन मिनिटं तरी होते का?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. त्या क्षणी मला कळलं की काकांच्या कानांचा काही प्रश्न नव्हता. हल्ली दाराची बेल वाजली तरी आत्या उठत नव्हती, रेडिओ मोठा करत होती, आणि मी त्याला वय म्हणत होतो. जिने आयुष्यभर कानांवर भाकरी कमावली तिचे कान जात होते, आणि ही एक गोष्ट तिला कोणालाही कळू द्यायची नव्हती. मला नाही, डॉक्टरला नाही. म्हणून ती त्या यंत्राला विचारायला गेली. तिला वाटलं, इथे कोणी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने त्या कानाच्या मशीनवाल्यांचं खासगीपणाचं धोरण काढलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं. सुरुवातीला भेट देणाऱ्यांच्या खासगीपणाची आम्हाला मनापासून कदर आहे, वगैरे. बरंच खाली, मुंगीच्या अक्षरात, काही माहिती आम्ही आमच्या विश्वासू भागीदारांना देऊ शकतो. "विश्वासू कोणाचे?" आत्या म्हणाली. "यांचे ना? मला कोणी विचारलं?" तिने खणखणीत सरकारी इंग्रजीत तक्रारीची ईमेल धाडली. उत्तर ताबडतोब आलं. आमच्या उत्पादनात रस दाखवल्याबद्दल आभार, सोबत तीन नव्या मशीनची माहिती.

माझा तर असा संताप झाला की ते यंत्र गॅलरीतून खाली टाकावं. ज्या बाईने अख्ख्या जिल्ह्याची गुपितं पोटात ठेवली, नातं तुटलं तरी ठेवली, तिचं एकुलतं एक गुपित या लोकांनी चारचौघांत मांडावं, आणि तेही चार मशीन खपावीत म्हणून. आणि वर कदर आहे म्हणायचं. कुकरवाला निदान दारात येऊन तोंड दाखवायचा. याला शिव्या घालायच्या तर कुठल्या दारात जाऊन घालायच्या?

मी ती खूण पुसायला शिकलो. रोज ऑफिसला निघण्याआधी पुसायचो आणि रोज रात्री ती आजी पुन्हा हसत हजर असायची. म्हणजे आत्या दुपारी पुन्हा तिथे गेलेली असायची. तक्रार करूनही जायची. मशीन घ्यावं की न घ्यावं हे तिचं ठरत नव्हतं, आणि हे मला कळावं असा माझा काही अधिकार नव्हता.

काकांच्याही ते ध्यानात आलं होतं. एकदा जिन्यात थांबून हळूच म्हणाले, "मला समजलंय रे. पण आपण काही बघितलं नाही." आत्याच्याच घरात फोन घेऊन मोठी झालेली ती बिल्डिंग. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त हळूहळू सगळे तिच्याशी जरा समोर येऊन, जरा मोठ्याने बोलायला लागले. आत्याने ते कौतुकाने माझ्या कानावर घातलं: हल्ली लोक पुटपुटत नाहीत, चांगलं स्पष्ट बोलतात.

एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आलो. बेल वाजवली, मग किल्लीने दार उघडलं. आत्या दाराकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि पडद्यावर तेच कानाच्या मशीनचं पान होतं. मागे उभं राहायचं नाही, हा कायदा. मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेलो, आणि मी काही पाहत नाही हे तिला कळावं म्हणून मिक्सर लावला. रिकामा. तिने लावायची तसाच, पूर्ण जोरात. घरभर घरघर झाली, मांडणीवरच्या वाट्या थरथरल्या. मी दारातून पाहिलं. आत्या तशीच बसली होती, पडद्यावरच्या आजीकडे बघत.

तिने मान वळवेपर्यंत थांबायचं असं मी ठरवलं होतं. शेवटी मीच मिक्सर बंद केला.